पाचातला एक खोटा

ब्रिस्टलच्या आमच्या लायब्ररीत आज सकाळी रेडिएटर सुरू झाले. उन्हाळाभर त्यांच्यावर साचलेली धूळ पहिल्या दिवशी भाजते आणि सगळ्या मजल्यावर करपट वास पसरतो. त्यात फोटोकॉपीच्या गरम कागदाचा वास मिसळतो, खिडकीशी बसून कुणीतरी सोललेल्या संत्र्याचा मिसळतो. नव्या मुलांच्या गळ्यात नवी ओळखपत्रं, खांद्यावर फुकट मिळालेल्या कापडी पिशव्या, आणि प्रत्येक टेबलावर एकाला तरी खोकला. विद्यापीठात या दिवसांना इंडक्शन म्हणतात. सप्टेंबरच्या शेवटी ते सुरू होतात आणि नोव्हेंबरात पहिले निबंध जमा झाले की ओसरतात. माझ्यापुरता तो एक ऋतूच आहे. कॅलेंडरवर त्याची नोंद नाही, पण माझ्या घशाला तो बरोबर कळतो.

मी विद्यापीठाच्या लायब्ररीत शिकवते. आई फोनवर विचारते, "म्हणजे नक्की काय शिकवतेस गं?" एकदा तिला नीट सांगितलं. समोर आलेली माहिती कुठून आली, कुणी लिहिली, कशाच्या आधारावर लिहिली, खरी की बनावट, हे कसं शोधायचं ते शिकवते. इन्फर्मेशन लिटरसी म्हणतात त्याला. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "यासाठी तिकडे जायला लागलं होय? हे तर बाबांनी पत्रकांच्या घड्या घालता घालता शिकवलं तुला."

खोटं नाही ते. बाबा इचलकरंजीत यंत्रमागावर काम करायचे आणि संघटनेची पत्रकं लिहायचे. गुलाबी, पिवळ्या, पोपटी पातळ कागदांचे गठ्ठे छापखान्यातून यायचे तेव्हा त्यांना शाईचा वास असायचा आणि घड्या घालून आमची बोटं काळी व्हायची. 'जाहीर निषेध' हे मी जोडून वाचलेले पहिले दोन शब्द असावेत. बाबांचा नियम होता की पत्रकात जे विधान जाईल त्याचा कागद घरातल्या पत्र्याच्या पेटीत असलाच पाहिजे. "एक वाक्य खोटं निघालं की मालक उरलेलं पत्रक वाचत नाही," ते म्हणायचे, "आणि कामगारसुद्धा वाचत नाही." त्या घरात राग चालायचा. चीड चालायची, भांडण चालायचं, उपोषणसुद्धा चालायचं. हेवा मात्र चालत नसे. हेवा हा ज्यांच्याकडे आधीच पुष्कळ आहे अशांचा रिकामा उद्योग, असं मी लहानपणीच ठरवून टाकलं होतं. म्हणून तो माझ्यात आला तेव्हा मला ओळखूच आला नाही.

दोन वर्षांपूर्वीचा हा ऋतू मी मँचेस्टरला काढला. तिथल्या एका विद्यापीठात मी आणि रेवा, दोघी तात्पुरत्या नेमणुकीवर होतो. त्या हिवाळ्यात एक कायमची जागा निघणार होती आणि दोघींनी अर्ज केला होता. माझा व्हिसा फेब्रुवारीत संपत होता. कायमची जागा मिळाली तर विद्यापीठ व्हिसाची जबाबदारी घेणार होतं, नाही मिळाली तर मला सामान आवरायला लागणार होतं. ती जागा रेवाला मिळाली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तेवढ्यासाठी कुणी पुढे वाचायला नको.

रेवा इथलीच, इल्फर्डची. आईवडील ठाण्याहून आलेले, हिचा जन्म तिथलाच. तिच्या मराठीत पुस्तक 'चांगला' असायचा आणि आई 'माझा' असायची. सकाळी स्टाफरूममध्ये किटली लावताना ती मोठ्यानं विचारायची, "शलाका, तू नाश्ता केली?" त्या सगळ्या इमारतीत मराठीत हाक मारणारं तेवढं एकच माणूस होतं. आणि मी काय करायचे? "केला का, म्हणायचं," असं सांगायचे. दर वेळी. ती हसायची, "ओके मिस," म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चुकायची. दिवाळीत तिच्या आईनं पोस्टानं शंकरपाळ्यांचा डबा पाठवला, तो तिनं उघडून आधी माझ्यासमोर धरला. शंकरपाळी फार छान होती. मला त्या डब्यावरच्या पत्त्याच्या हस्ताक्षराचाही हेवा वाटला. आईनं टाकलेलं पार्सल दोन दिवसांत हातात येतं, अशा अंतरावर तिची आई होती.

पण हे किरकोळ झालं. खरा हेवा तिच्या वर्गाबाहेर उभं राहिल्यावर वाटायचा.

एखादा मुलगा काहीतरी विचारायचा, आणि रेवा हात वर करून म्हणायची, "आय डोंट नो. चला, शोधू या." वर्गातल्या सगळ्यांचे खांदे एकदम सैल पडायचे. मला ते दाराच्या काचेतून दिसायचं. मी हेच वाक्य माझ्या वर्गात वापरून पाहिलं. प्रश्न विचारणाऱ्या मुलानं मान हलवली, आणि वळून मागच्या बाकावर बसलेल्या त्याच्या प्राध्यापकांना तोच प्रश्न विचारला. शब्द तेच होते. ती म्हणाली की तो मोकळेपणा ठरायचा, मी म्हणाले की ती माझी कमतरता ठरायची. तिला न येण्याची परवानगी होती. मला सगळं येणं भाग होतं.

मी स्वतःला सांगत असे की हा हेवा नाही, ही जाणीव आहे. पासपोर्ट, उच्चार, आडनाव सांगताना स्पेलिंग करून सांगावं लागणं, या सगळ्यात अन्याय आहे आणि मी तो बघते आहे, इतकंच. अन्याय होता, आजही आहे, त्याबद्दल मी एक शब्द मागे घेणार नाही. पण त्या अन्यायाची पाटी पुढे धरून मी तिच्यामागे काय काय लपवत होते, ते मला ठाऊक आहे. वर्ग संपल्यावर मुलं रंगीत चिठ्ठ्यांवर एकेक ओळ लिहून भिंतीला चिकटवून जायची. माझ्या चिठ्ठ्यांवर असायचं, "भरपूर माहिती. जरा हळू." रेवाच्या भिंतीवर एकदा कुणीतरी लिहिलं होतं, "आज पहिल्यांदा वाटलं की हे मला जमेल." मी ती चिठ्ठी काढली आणि खिशात घातली. माझ्या नावावर नाही दाखवली, फेकलीही नाही. फक्त तिला मिळू दिली नाही.

आता त्या खेळाबद्दल सांगते. आमच्या कामात हा खेळ बरेच जण खेळतात. मुलांना एका कागदावर पाच संदर्भ द्यायचे, म्हणजे लेखकाचं नाव, लेखाचं नाव, नियतकालिक, साल, पानं. प्रत्येकाखाली दोन ओळींचा सारांश. चार खरे, एक आपण बनवलेला. चौघाचौघांच्या गटांनी शोधायचं, पाचातला खोटा कोणता. हल्ली असे बनावट संदर्भ कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रं चुटकीसरशी बनवून देतात, आणि म्हणूनच हा खेळ आता खेळ राहिलेला नाही.

रेवाचा खोटा संदर्भ कुण्या प्रोफेसर बिस्किटचा होता. विषय, हॉस्पिटलच्या वॉर्डातल्या चहात दूध आधी घालावं की नंतर. वर्ग हसून हसून लोळायचा. मी मनात म्हणायचे, हे काय शिकवणं झालं? खोटं असं जोकराची टोपी घालून येतं का कधी? मी माझा संदर्भ बनवायला एक अख्खा रविवार घालवला. लेखिकेचं नाव साधं, नियतकालिकाचं नाव दोन खऱ्या नियतकालिकांच्या मधलं, साल आणि अंक एकमेकांशी जुळणारे. विषय असा की कुणालाही खरा वाटावा. केअर होममध्ये पाळी बदलण्याच्या वेळेला, एक नर्स निघते आणि दुसरी येते त्या मधल्या वेळात, वृद्ध माणसं जास्त पडतात. तो कागदावर चौथा होता. आणि तिसरा होता नर्सच्या खिशात काय काय सापडतं यावरचा लेख, जो वाटतो थट्टेचा पण अगदी खरा, रीतसर तपासून छापलेला. सापळा म्हणून मी तो मुद्दाम निवडला होता. माझा खोटा संदर्भ वाचून ओळखता येत नसे. तो शोधावाच लागे, आणि शोधून काहीही सापडलं नाही की मग कळे. मला त्याचा फार अभिमान होता. बिस्किटला उत्तर म्हणूनच तो जन्माला आला होता.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात माझा घसा पूर्ण बसला. खोलीत पडून होते, गरम पाण्याचे घोट घेत. दुपारी दोनला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाचा माझा वर्ग होता. रेवाचा मेसेज आला, "तू काळजी नको करू. तुझी दोनचा क्लास मी घेते. तुझा शीट पाठव ना प्लीज. माझी बिस्किट नर्सिंगवाल्यांना बालिश वाटेल. तुझा खूप जास्त चांगला आहे."

माझ्याकडे दोन फायली होत्या. एक पाच संदर्भांची, दुसरी उत्तराची. उत्तराच्या पानावर कोणता खोटा, तो कसा पकडायचा, तिसऱ्याच्या सापळ्याबद्दल मुलांशी काय बोलायचं, सगळं लिहिलेलं होतं. ईमेलला मी दोन्ही जोडल्या. मग एक काढून टाकली. इतकं सोपं होतं ते, फुलीवर एकदा बोट ठेवायचं. मनात म्हटलं, शोधू दे की तिलाच, हेच तर शिकवतो आपण. आणि पाठवून दिलं.

संध्याकाळी तिचा फोन आला. मला बोलता येत नव्हतं, मी फक्त ऐकत होते. "शलाका, काय भारी गेला क्लास! तीन नंबरवर सगळे इतके हसले! खिशांवर कोण लेख लिहितं, सीरियसली? एक बाई तर म्हणाली की माझ्या खिशात अजून कालचा सँडविच आहे." म्हणजे तिनं तिसरा खोटा ठरवला होता. तीस जणांना तसं सांगून टाकलं होतं. चौथा खरा म्हणून त्यांच्या वह्यांत गेला होता.

घसा बसला होता, हे माझं कारण. लिहायला हात होते.

विद्यापीठांबद्दल माझं एक म्हणणं आहे आणि ते मी इथे सांगणारच. ती बनावट संदर्भ देणाऱ्याला काय शिक्षा करायची याचे पानंच्या पानं नियम लिहितात, आणि संदर्भ कसा ओळखायचा हे शिकवायला आम्हाला पन्नास मिनिटं देतात. तीही पहिल्या महिन्यात, मुलांना अजून संडास कुठे आहे ते सापडलेलं नसतं तेव्हा. मग नोव्हेंबरात पत्रं जातात. मी हे बैठकींत बोलते, लोक मान डोलावतात, पुढल्या वर्षी पुन्हा पन्नास मिनिटं. हे सगळं खरं आहे. पण जॅकीच्या बाबतीत हे कारण मी पुढे करणार नाही, कारण तिथे गुन्हा पन्नास मिनिटांचा नव्हता.

जॅकी सॅलफर्डची, पन्नाशी ओलांडलेली. वीस वर्षं केअर होममध्ये काम करून आता नर्सिंगच्या पदवीला बसलेली. नोव्हेंबरच्या अखेरीस ती आमच्या डेस्कवर आली. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पत्र.

"रेवा आहे का, लव्ह?" तिकडे अनोळखी माणसालाही 'लव्ह' म्हणतात.

"आज तिची सुट्टी आहे. मी काही मदत करू?"

तिनं पत्र माझ्यासमोर सरकवलं. निबंधात अस्तित्वात नसलेला संदर्भ आढळल्यामुळे चौकशीला हजर राहावे, गैरप्रकार सिद्ध झाल्यास प्रवेश रद्द होऊ शकतो, अशी भाषा होती.

"त्यांना वाटतं मी मशीनकडून लिहून घेतलं," जॅकी म्हणाली. "मला तर अजून फोनवर फोटो फिरवता येत नाही. माझी मुलगी हसते मला."

"तो संदर्भ तुम्हाला कुठे मिळाला?"

तिनं पिशवीतून कागद काढला. माझा कागद. तिसऱ्यावर फुली, चौथ्यावर बरोबरची खूण, आणि बाजूला पेन्सिलीनं, "छान. रेवा."

"पूर्ण लेख वाचला होतात?"

ती लाजली. इतक्या मोठ्या बाईला लाजताना बघणं वाईट असतं. "उघडलाच नाही गं तो. तीन दिवस प्रयत्न केला. वाटलं, मलाच ते कॉम्प्युटरचं जमत नाहीये. विचारायला लाज वाटली. लायब्ररीच्या बाईंनी खरा म्हणून सांगितलाय म्हटल्यावर तो कुठेतरी असणारच ना?" मग ती जरा पुढे वाकली. "आणि तुला सांगते, ते खरंच आहे. पाळी बदलताना पडतातच ती माणसं. मी वीस वर्षं बघतेय. वाचलं तेव्हा वाटलं, बघा, शेवटी कुणाला तरी दिसलं."

मी तिला पाणी आणून दिलं. दुसरं काय देणार होते?

आता खरं सांगायची वेळ आहे, तर सांगते. तिच्या हातातला कागद बघताना माझ्या मनात आधी दया आली नाही. आधी आलं, पुढच्या गुरुवारी मुलाखत आहे आणि रेवा संपली.

हेलन, म्हणजे आमची वरिष्ठ, हिनं मला लेखी निवेदन द्यायला सांगितलं. मी ते एका बैठकीत लिहिलं. क्रमांक चारचा संदर्भ मी शिकवण्यासाठी तयार केलेला आहे. सदर वर्ग त्या दिवशी मी आजारी असल्यामुळे रेवाने घेतला. वर्गात क्रमांक तीन हा खोटा असल्याचे सांगण्यात आले. विद्यार्थिनीने सद्भावनेने संदर्भ वापरला. चार वाक्यं, आणि चारही तपासून बघा, पुरावा मिळेल. हेलननं वाचलं आणि म्हणाली, "थँक यू, शल. फार फेअर लिहिलंयस." तिला माझं पूर्ण नाव जमत नाही. एरवी मला त्याचा राग येतो. त्या दिवशी आला नाही, मी ते 'फेअर' घेऊन जागेवर जाऊन बसले.

मुलांना मी शिकवते की समोरच्या मजकुरात काय लिहिलंय ते बघा, आणि मग विचारा की काय लिहिलेलं नाही. त्या वर्षी मी हे वाक्य निदान वीस वर्गांत म्हटलं असेन. निवेदन पाठवून झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या वर्गातही म्हटलं. एक मुलगी ते वहीत उतरवून घेत होती आणि मी तिच्या पेनाकडे बघत उभी राहिले.

परवा एका ऑनलाइन बैठकीत रेवा दिसली. निरनिराळ्या विद्यापीठांतले आम्ही शिकवणारे लोक महिन्यातून एकदा भेटतो. तिनं केस कापलेत. नावाखाली हुद्दा दिसत होता, जो माझा असू शकला असता. मुलं यंत्राकडून संदर्भ घेतात तेव्हा त्यांना दम देण्याऐवजी शेजारी बसून शोधायला कसं लावायचं, ते ती सांगत होती. मुद्दा चांगला होता. इतका चांगला की मला तो आधी सुचायला हवा होता असं वाटलं, आणि मी कॅमेरा बंद केला. माझी इथली जागा दोन वर्षांची आहे, व्हिसाही तेवढाच. जळायला एवढं पुरेसं आहे, पण खरं कारण तेही नाही.

जॅकीची चौकशी त्या वर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात झाली, मुलाखतीच्या दोन दिवस आधी. तळमजल्यावरची छोटी खोली, गोल टेबल, पाण्याचा जग, टिशूचा खोका. तो खोका बघून जॅकी म्हणाली, "म्हणजे रडवायची तयारी आहे तर." अध्यक्ष मऊ आवाजाचे गृहस्थ होते. एक बाई टिपणं घेत होत्या; हेलन, रेवा आणि मी एका बाजूला बसलो होतो. जॅकीनं सगळं सांगितलं, मला जसं सांगितलं होतं तसंच, आणि वर खिशातल्या सँडविचचंही; रेवानं फोनवर सांगितलेली ती बाई हीच. मग त्यांनी रेवाला विचारलं.

मला वाटलं होतं, ती म्हणेल की वर्ग माझा नव्हता. म्हणेल की कागद दुसऱ्याचा होता, वेळ कमी होता, उत्तराचं पान सोबत नव्हतं. हे सगळं खरं होतं आणि तिच्या बाजूचं होतं.

ती म्हणाली, "मी तपासलं नाही. तपासायला हवं होतं. तेच तर माझं काम आहे. जॅकीनं माझ्यावर विश्वास ठेवला, तिची यात काहीही चूक नाही."

बस्स. एवढंच. पुढे एक 'पण' नाही. अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं आणि तिच्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात उघड आदर होता. ती चुकली होती आणि तरीही त्या खोलीतली सगळ्यात सरळ व्यक्ती तीच होती. खरेपणा हा माझा प्रांत होता. मी त्यावर वाढले होते, माझी बोटं त्यासाठी काळी झाली होती, आणि ही इल्फर्डची मुलगी तोही सहज उचलून घेऊन चालली होती.

मी तत्त्वासाठी बोलले, असं लिहायला मला फार आवडेल. बाबांना मी तसंच सांगितलंय. पण ते खरं नाही. मला ते सहन झालं नाही, म्हणून मी बोलले.

"माझ्या निवेदनात एक गोष्ट नाही," मी म्हणाले. "या कागदाचं उत्तर वेगळ्या पानावर असतं. ते मी तिला पाठवलं नाही."

"राहून गेलं का?" अध्यक्षांनी विचारलं. त्यांनी मला दार उघडून दिलं होतं, सरळ बाहेर पडता आलं असतं.

"नाही. जोडलं होतं. मग काढलं. आणि वर्गात चुकीचं सांगितलं गेलं हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. तेव्हाही मी कुणाला सांगितलं नाही."

टिपणं घेणाऱ्या बाई थांबल्या. हेलन खिडकीकडे बघायला लागली.

"याला काही आधार?"

"ईमेल आहे. त्यात एकच फाईल आहे, ते दिसेल. पण ती मुद्दाम एकच ठेवली, याला माझ्या सांगण्याशिवाय दुसरा आधार नाही."

त्यांनी ते लिहून घेतलं. आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं आणि जॅकीला आत ठेवलं. आम्ही बाहेर निघताना तिनं तिचा कोट माझ्या हातात दिला. दाराशी मी सगळ्यात जवळ होते, दुसरं काही कारण नव्हतं. "धर गं जरा, लव्ह. आत फार उकडतंय."

कॉरिडॉरमध्ये मी आणि रेवा. ती समोरच्या भिंतीला टेकून उभी राहिली.

"का?" तिनं मराठीत विचारलं.

"जळत होते मी तुझ्यावर."

"माझ्यावर?" ती हसली, पण ते हसणं तिचं नव्हतं. "शलाका, मी तुझ्याशी बोलताना दर वेळी घाबरायची. तू माझा एक-एक वाक्य दुरुस्त करायची. मला वाटायचं, शी नोज एव्हरीथिंग. म्हणून तुझा शीट चेक नाही केला मी. तुझा आहे म्हणजे बरोबर असणार." ती थांबली. मला एकही शब्द दुरुस्त करण्यासारखा वाटला नाही. "एनीवे," ती म्हणाली, आणि त्यापुढचं सगळं इंग्रजीत होतं. मुलाखतीला ती येणार आहे, मी यावं की नाही ते मी ठरवावं, आणि हेलनशी मी आजच बोलावं. स्वच्छ, सभ्य, कुठल्याही सहकाऱ्याशी बोलतात तसं.

दार उघडलं आणि जॅकी बाहेर आली. चेहरा ओला, नाक लाल. "सुटले," ती म्हणाली. "तेवढा एक परिच्छेद पुन्हा लिहून द्यायचा. बाकी काही नाही. डिग्री शाबूत." आणि ती सरळ रेवाकडे गेली. खरं कुणी सांगितलं, कुणामुळे हे सगळं झालं, सगळं तिनं आत बसून ऐकलं होतं. तरीही ती रेवाकडे गेली. दोन्ही हातांनी तिला घट्ट धरलं आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून मोठ्यानं रडायला लागली. रेवाही रडायला लागली. "त्यांना दाखवू हां आपण," जॅकी हुंदक्यांमधून म्हणत होती, "जानेवारीत मला शोधायला नीट शिकव, पाळी बदलण्यावर कुणीतरी खरं लिहिलंच असेल ना?"

"शोधू या," रेवा म्हणाली.

मी पाच पावलांवर उभी होते. मला त्या मिठीचा हेवा वाटला. कोट जड होता, त्याच्या खिशात किल्ल्या खुळखुळत होत्या. मी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला आणि त्यांचं होईपर्यंत थांबले.